पागनीससाहेबांनी थांबवलेले उड्डाण

विंग कमांडर माधवराव पागनीस यांची माझी ओळख बातमीच्या निमित्ताने झाली. हवाई दलातून निवृत्त होऊन ते इंदूरला परतले होते आणि वैमानिकांच्या कित्येक तुकड्या ज्यावर शिकल्या, असे एक जुने प्रशिक्षण विमान मित्रांसह दुरुस्त करत होते. मी पोहोचलो तेव्हा दिवसाचे काम आटोपले होते; तरी प्रत्येक हत्यार फळीवरच्या आपल्या जागी लागेपर्यंत साहेब माझ्याशी बोलले नाहीत. आत विसरलेले हत्यार उडताना कुठे अडकेल याचा नेम नसतो, हे त्यांनी मग चहा पाजून समजावले. मी त्यांच्या मंडळात ओढला गेलो तो असा. माझी पत्नी तुकोगंजातल्या दवाखान्यात होती, तेव्हा दुपारी तिच्याजवळ बसून मला ऑफिसला पिटाळणारेही तेच.

यंदाच्या एअर शोमध्ये ते विमान उडणार होते. विमानतळाने मोजकीच वेळ दिली होती. साहेबांची शिष्या मीरा वैमानिकाच्या जागी बसली आणि फळीवर स्क्रू पिळायचा एक पेचकस कमी दिसला. साहेबांनी तिला खाली उतरवले.

शेपटीपर्यंत टॉर्च फिरले, गाद्या निघाल्या, आम्हा सगळ्यांचे खिसे उलटे झाले. गर्दीतून शिट्ट्या वाढू लागल्या. संयोजक घामाघूम होऊन आले.

"साहेब, पब्लिक केव्हाची उभी आहे. एक पेचकस से क्या होता है?"

"आत मीरा बसणार आहे," साहेब म्हणाले.

सुकाणू मोकळे फिरते आहे, मी जाते, असे मीराही विनवत होती. साहेब हलले नाहीत. दिलेली वेळ संपली.

चाकांखाली पुन्हा पाहायला म्हणून साहेब गुडघ्यांवर बसले आणि तसेच थांबले. मांडीवरच्या खिशातून त्यांनी पेचकस काढला. त्यांचे खिसे तपासायला आमच्यातले कोणी धजावलेच नव्हते.

साहेब थेट माइककडे गेले. पेचकस माझ्या खिशात होता, विमान आज उडणार नाही, चूक माझी, एवढेच बोलून ते परतले.

"काका, म्हणजे मी उडू शकले असते," मीरा रडवेल्या आवाजात म्हणाली.

"हो. पण तेव्हा आपल्याला ते माहीत नव्हतं."

त्यानंतर मंडळात पहिला खिसा साहेबांचा तपासला जातो. ते स्वतःच समोर येऊन उभे राहतात.

उड्डाणाच्या परवानगीसाठी अर्ज पुन्हा गेला आहे. पंचाहत्तरी गाठलेल्या साहेबांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आणि मीरा ते विमान उचलेल, तेव्हा धावपट्टीच्या कडेला मान वर करून ते उभे असोत.