लूमच्या आवाजात दादा काय बोलला

माझ्या परिचयात ‘स्वतंत्र चित्रपट दिग्दर्शक’ असं छापलेलं असतं. स्वतंत्र म्हणजे ज्याला कोणी काम देत नाही. मी लिंबायतचा, कापड-कारखान्यांच्या कामगारवस्तीतला. लग्नांचे व्हिडिओ काढून पोट भरतो, आणि लग्नसराई संपली की स्वतंत्र होतो. पुरा झालेला सिनेमा एकच. त्याबद्दल कोणी विचारलं की मी प्रकाशयोजनेवर बोलतो. दादाबद्दल बोलत नाही.

सिनेमा दादावरच होता. माझा थोरला भाऊ, जन्मभर लूम म्हणजे यंत्रमाग चालवला. मला मात्र त्याने कारखान्याची पायरी चढू दिली नाही, शिक म्हणाला. मी शिकलो, आणि कॅमेरा घेऊन त्याच कारखान्यात शिरलो.

आत इतका खडखडाट की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. त्यामुळे तिथली माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात. दोन लूमपलीकडच्या जोडीदाराशी दादा असाच काहीतरी बोलला, हसला, मान हलवली. मी तो तुकडा जवळून टिपला. काय बोलला ते मला कळलं नाही. कळावं असंही वाटलं नाही; चेहरा सुरेख आला होता.

घरी लॅपटॉपवर बघताना दादा म्हणाला, “हाऊ तुकडा काढी टाक.”

“काबर?”

“तठे मी बोलेल शे.”

“आवाज नही शे दादा. नुसती खडखड.”

“तरी काढ.”

“बरं, काढतो,” मी म्हणालो.

काढला नाही. दूरच्या एका शहरात सिनेमा आधीच दाखवला होता, तिथे एका जाणकार बाईंनी त्याच तुकड्याला ‘श्रमाचं मौन’ म्हटलं होतं. एवढं मौन कापून टाकायला मन होईना.

मग हौस आली, लिंबायतमध्ये दाखवू. समाजाच्या हॉलमध्ये पडदा लावला. पहिल्या रांगेत दादा, वहिनी, पुतणी आणि पुतणीचं ज्या घरी जमलं होतं ते व्याही, मुलाला घेऊन आलेले. मुलगा तिनेच पसंत केलेला. साखरपुडा पुढच्या आठवड्यात.

तो तुकडा आला आणि हॉल हसला. दूरच्या शहरात याच तुकड्याला सगळे गंभीर झाले होते. मी खूश. म्हटलं, आपली माणसं आपला सिनेमा जगताहेत. शेजारच्या काकांना विचारलं, “काय आवडलं?”

काका डोळे पुसत म्हणाले, “तुना भाऊ म्हनस, पोऱ्या बरा शे, पन त्याना बाप लय हावरा!”

हॉलमध्ये बसलेल्या निम्म्या लोकांचं आयुष्य लूमवर गेलेलं. व्याह्यांचंही. ते शांतपणे उठले. “वाचता आम्हले बी येस, व्याही,” एवढंच म्हणाले, आणि मुलाला घेऊन निघून गेले. पडद्यावर दादा अजून हसत होता. पुतणी दाराकडे बघत होती.

दादा नंतर त्यांच्या दारात जाऊन आला, टोपी काढून. उपयोग झाला नाही. आला आणि तसाच पाळीला गेला. वहिनी म्हणाली, “भाऊजी, जेवी ल्या,” आणि ताट वाढलं. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

सिनेमाला पुढे एक बक्षीस मिळालं. मानपत्रात त्या मौनाचा खास उल्लेख आहे.

दोन वर्षांनी पुतणीचं लग्न झालं, दुसरीकडे, कडोदऱ्याला. व्हिडिओ अर्थात मीच काढला. घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला? कॅमेरा दिसला की दादा तोंडावर उपरणं धरून बोलायचा. त्या सगळ्या व्हिडिओत मुलीच्या बापाचे ओठ कुठेच नाहीत.

पाठवणीच्या वेळी बँड कानठळ्या बसवत होता. शाळेत असताना पुतणी रोज बापाचा डबा घेऊन कारखान्यात जायची. ओठांची बोली तिला येते. गाडीत बसण्याआधी ती वळली, थेट माझ्या कॅमेऱ्यात बघितलं आणि सावकाश काहीतरी बोलली. रडत नव्हती.

तो तुकडा माझ्याजवळ आहे. गल्लीतल्या कोणालाही दाखवला तर लगेच वाचून सांगेल. पण तो दाखवायला अजून मी कोणाच्या दारात गेलेलो नाही. लग्नाच्या व्हिडिओतून मात्र तो काढून टाकला. यावेळी कोणी सांगितलं नव्हतं, तरी.