रोज साडेसहाला बुडणारा बेल्मिरो

आमचा बेल्मिरो रोज संध्याकाळी साडेसहाला मरायचा. सोमवारी तेवढी सुट्टी.

हसू नका, सांगतो. पोर्तो शहरात, मिरागाया वस्तीत नदीकाठी त्याचा गुत्ता. गुत्ता म्हणजे काय, चार बाकं, एक पिंप आणि बायको एर्मेलिंडा. भजी मात्र तो स्वतः तळायचा, खारवलेल्या कॉड माशाची. पांढऱ्या वाडग्यातून लाल वाइन प्यायची आणि वर ही भजी. पोर्तोत याहून चांगली भजी खाल्ल्याचं कुणी सांगितलं, तर तो माणूस खोटं बोलतो.

तरुणपणी बेल्मिरो ग्रीनलंडच्या पाण्यात कॉड पकडायला जायचा. त्या काळी सहा हंगाम त्या जहाजांवर काढले की आफ्रिकेतल्या लढाईवर जावं लागत नसे. एकेकट्याने एकेक होडी घ्यायची, धुक्यात गळ टाकत बसायचं आणि भोंग्याच्या आवाजावर जहाज शोधत परत यायचं. सगळेच परत येत नसत. बेल्मिरो सहाही वेळा आला. "लढाईला फसवलं, समुद्राला फसवलं," तो म्हणायचा, "एर्मेलिंडाला फसवणं काही जमत नाही."

पुढे गिऱ्हाईक आटलं. आजूबाजूची घरं पाहुण्यांना भाड्याने गेली, जुनी माणसं गावाबाहेर राहायला गेली. तेव्हा एर्मेलिंडाच्या बहिणीचा मुलगा दुआर्त मदतीला आला. तो परदेशी पाहुण्यांना संध्याकाळी पायी फिरवायचा, पाच ठिकाणी खाऊपिऊ घालायचा. दुसरा मुक्काम त्याने मावशीकडे ठेवला.

एका संध्याकाळी एका बाईने एर्मेलिंडाकडे बघून विचारलं, ह्यांचे कपडे काळे का? एर्मेलिंडाचा भाऊ नुकताच वारला होता, त्याचा दुखवटा. पण दुआर्तच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, म्हणाला, "नवरा कॉडच्या समुद्रात बुडाला." बाई रडली. बारा जणांनी वाडगे उचलून बुडालेल्याला मान दिला. मी नदीपलीकडे इंग्रजांच्या वाइनच्या वखारीत वीस वर्षं पिंपं लोटली, तेवढं इंग्रजी कळतं. आत जाऊन बेल्मिरोला म्हणालो, "अरे, तू वारलास."

तो पोट धरून हसला.

पण पाहुण्यांना गोष्ट आवडली. आठवड्याभरात दुआर्त स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "काका, ते लोक असेपर्यंत बाहेर येऊ नका. अर्ध्या तासाचा तर प्रश्न."

"आणि लघवीला लागली तर?"

"मेलेल्या माणसाला कसली लघवी!" एर्मेलिंडा म्हणाली.

मग भिंतीवर बेल्मिरोचा तरुणपणचा फोटो लागला. बाहेर लोक त्या फोटोपुढे हळहळत त्याच्याच हातची भजी खायचे. कुणी केली म्हणून विचारलं, तर दुआर्त सांगायचा, विधवेने. हे बेल्मिरोला झोंबलं. तरी तळत राहिला. गुत्ता चालत होता ना.

एकदा पाहुणे निघून गेल्यावर, बाकं पुसता पुसता एर्मेलिंडा मला म्हणाली, "दार उघडंच राहू द्या, अल्बानोदादा. बेल्मिरोला वारा आवडायचा."

आत कढई घासण्याचा आवाज थांबला.

"आवडतो," आतून बेल्मिरो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो बरोबर साडेसहाला बाहेर आला आणि फोटोखाली उभा राहिला. आमच्या भाषेत म्हणाला, "हा मी. मी बुडालो नाही. सहा वेळा गेलो, सहा वेळा परत आलो. ही माझी बायको आणि ही भजी माझी."

पाहुणे दुआर्तकडे बघू लागले. त्याने घाम पुसला आणि इंग्रजीत सांगितलं, "हे त्या बुडालेल्याचे जिवलग मित्र. म्हणतात, मी परत आलो, तो आला नाही."

टाळ्याच टाळ्या! एका बाईने त्याचे दोन्ही गाल चुंबले. बेल्मिरो लालेलाल होऊन माझ्याकडे आला.

"अल्बानो, ऐकल्यास टाळ्या? पोराने नीट सांगितलं ना?"

त्याच्या मागे एर्मेलिंडा उभी होती. तिने मान हलवली, नको म्हणून.

"तू बोललास तेच," मी म्हणालो.

मग उन्हाळाभर तो रोज बाहेर यायचा, आपण जिवंत असल्याचं सांगायचा आणि टाळ्या घ्यायचा. इतका खूश मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

सप्टेंबरात एका म्हाताऱ्या पाहुण्याने फोटोखाली फूल ठेवलं, टोपी काढली आणि बेल्मिरोचा खांदा दाबला. मयताच्या घरी गेल्यावर आपण दाबतो, तसा. पाहुणे गेल्यावर बेल्मिरो माझ्यासमोर येऊन बसला.

"जिवंत माणसाच्या फोटोला फूल कशाला रे?"

"त्यांच्याकडे पद्धत असेल."

तो माझ्याकडे बघत राहिला. पंचेचाळीस वर्षांची ओळख आमची. मी वाडग्यातून नजर वर काढली नाही. त्याला कळलं, फोटोतला अजून मेलेलाच आहे आणि आपण त्याचे कुणी जिवलग. माझ्यापुढचा वाडगा त्याने उचलून नेला. अर्धा भरलेला होता.

दुसऱ्या संध्याकाळी पाहुणे येऊन बसले तरी बेल्मिरो बाहेर येईना. दुआर्त स्वयंपाकघराच्या दारात गेला.

"काका, चला ना. लोक थांबलेत."

"सांग त्यांना," आतून आवाज आला, "तोही बुडाला."

आणि त्या पोराने ते सांगितलंही.