गरम पीठ

भूकंपाच्या साली आमच्या किराणा दुकानात शाम्पूच्या पुड्या नव्यानेच आल्या होत्या. त्यांच्या लांब माळा आढ्याला टांगलेल्या असत. मोठ्या हादऱ्यानंतर त्या माळांना दुसरं काम लागलं. वडील गल्ल्यावर बसून दिवसभर त्यांच्याकडे बघत. वारा नसताना माळ हलली की ते ओरडत, आणि सगळी गल्ली रस्त्यावर येई.

"अप्पा, पुडी नगं, नुसती माळ द्या. घरी टांगतो," असं एक गिऱ्हाईक म्हणालं. लोक हसले. वडील हसले नाहीत. त्यांनी माळ तोडून दिली.

आमचं गाव धर्मापुरीच्या पलीकडे, लातूर जिल्ह्याच्या हद्दीला लागून. मोठा हादरा पहाटेच्या आधी बसला. दक्षिणेकडची गावं झोपेत गाडली गेल्याचं रेडिओने सांगितलं. आमच्याकडे भिंतींना भेगा गेल्या, काही गोठे बसले, माणूस गेलं नाही. त्यानंतर हादरे थांबले नाहीत. आधी जमिनीच्या पोटातून गाडीतून दगड ओतल्यासारखा आवाज येई, मग भांडी वाजत, मग छतातून माती झरे. घाबरण्याचं कारण नाही, हेही रेडिओच सांगे.

सगळं गाव बाहेर झोपू लागलं. खळ्यात, रस्त्यावर, ताडपत्रीखाली. आमच्या घरातली तीन माणसं मात्र आतच होती. थोरली बहीण, जिला मी अक्का म्हणतो, पहिल्या बाळंतपणाला वडवणीहून माहेरी आली होती आणि मोठ्या हादऱ्याच्या थोडेच दिवस आधी बाळंत झाली होती. बाळंतिणीची खोली सर्वांत आतली, बिनखिडकीची. दाराला गोधडी टांगलेली. आत शेगडी, अक्का, बाळ आणि आई. पुरुषांनी त्या खोलीत जायचं नाही, असा रिवाज होता. त्यामुळे जे बोलणं झालं ते गोधडीच्या दोन बाजूंनी झालं.

"तिला बाहीर आन," वडील म्हणत.

"बाहीर वारा हाय. लेकराला वारा लागला तर?" आई आतून म्हणे.

"आन् वरून माती पडली तर?"

"माती पडायची तवा पडंल. वारा आत्ता हाय."

माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. तो पहिल्याच महिन्यात गारठून गेला. ही गोष्ट मला त्याच आठवड्यात कळली, तीही गोधडीआडून.

अक्का स्वतः फार बोलत नव्हती. हादरा बसला की ती बाळावर ओणवी होई आणि पाठ छताकडे करून तशीच राहत असे. जेवण जवळपास सुटलं होतं. "मला उघड्यावर बसवा, कुटंबी बसवा," एवढंच ती म्हणे.

आमच्या भागात घराला माळवद असतं. दगड-मातीच्या भिंती, त्यांवर लाकडी तुळया, फळ्या, आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. छत गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात वर पांढरी माती टाकतात आणि जुनी काढत नाहीत. आमच्या माळवदावर आजोबांच्या वेळेपासूनची माती होती. दक्षिणेकडच्या गावांत माणसं भूकंपाने नाही, या मातीने मेली, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. आई ऐकत नाही म्हटल्यावर वडिलांनी मग माती काढायचं ठरवलं. मी आणि ते वर चढलो. कुदळीचा पहिला घाव बसताच खालून अक्काची किंकाळी आली. तिला तो हादरा वाटला होता.

"आमीच हाव गं," वडील वरून ओरडले.

"मंग सांगून मारा की!" आई खालून म्हणाली.

त्यानंतर प्रत्येक घावाआधी वडील "मारतो गं" म्हणत. बाळंतिणीच्या खोलीवरची माती दुपारपर्यंत फळ्यांपर्यंत उतरवून झाली. आता पडलं तरी लाकूडच पडेल, असं वडील म्हणाले. गल्लीतल्या आणखी घरांवर माणसं चढली.

आभाळाकडे कुणी बघितलं नव्हतं. परतीचा पाऊस दुसऱ्या दिवशी सकाळी आला आणि थांबलाच नाही. फळ्यांना आता अडवायला माती नव्हती. पाणी सरळ खोलीत आलं. शेगडी विझली, अंथरूण भिजलं, बाळाचं दुपटं भिजलं. आईने कोपरे बदलले. मग कोपरे संपले. गोधडी बाजूला झाली आणि आई स्वतः बाहेर आली. बाळ तिच्या पदरात होतं, मागे अक्का.

"रडंना झालंय," ती म्हणाली.

गावात न गळणारी, पडली तरी जीव न घेणारी एकच जागा होती. पिठाच्या गिरणीची पत्र्याची शेड. आम्ही तिथे गेलो तेव्हा अर्धं गाव आधीच दाटलं होतं. गिरणीवाल्याने बायकांच्या बाजूला जागा करून दिली. कुणीतरी कोरडं लुगडं दिलं. आईने बाळाला उघडं करून छातीशी धरलं. त्याचे ओठ निळसर होते आणि हात उचलून सोडला की खाली पडत होता. आईच थंडीने कापत होती. सरपण भिजलेलं. डिझेलचे डबे आणि पिठाची धूळ असल्याने शेडमध्ये विस्तव आणू देत नव्हते. तालुक्याचा रस्ता ओढ्याने बंद होता.

वडील बराच वेळ जात्याकडे बघत होते. मग गिरणीवाल्याला म्हणाले, "इंजिन चालू कर. ज्वारी मी आनतो."

"अप्पा, येडे झालाव का? सगळं शेड हालंल. माणसं चेंगरतील इथं."

"पीठ गरम निगतं," वडील म्हणाले.

गिरणीवाल्याने बाळाकडे बघितलं. मग लोकांना ओरडून सांगितलं, "इंजिन चालू करतूय. भूकंप न्हाई. पळू नका." तरी इंजिनाला हँडल मारताच निम्मे लोक पावसात पळाले. पट्टा फिरू लागला, जमीन थरथरू लागली, पत्रे वाजू लागले. अक्का उठून उभी राहिली. तिचं तोंड उघडं होतं, पण इंजिनापुढे आवाज ऐकू येत नव्हता. आईने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आणि बाळ तिच्या मांडीवर दिलं.

वडिलांनी पिठाची पहिली पिशवी आणली. आईने ती गालाला लावून बघितली, फडक्यात गुंडाळून बाळाच्या पाठीशी ठेवली. मग दुसरी. गार झालेली पिशवी माझ्याकडे येई, मी ती रिकामी करून पुन्हा जात्याखाली धरायचो. अक्का डोळे मिटून, दात आवळून त्या हलत्या जमिनीवर बसून राहिली. तिने बाळ सोडलं नाही आणि ती उठलीही नाही. दुकानातलं ज्वारीचं एक पोतं संपलं, दुसरं फोडलं.

इंजिन बंद केल्यावर रडणं ऐकू आलं. ते आधीपासून चालू होतं की तेव्हाच सुरू झालं, हे कुणाला सांगता आलं नाही. अक्काने पदर ओढून बाळाला छातीला लावलं.

तेवढ्यात बाहेरची माणसं धावत दारात आली. इंजिन चालू असतानाच आणखी एक मोठा हादरा बसला होता. देवळाजवळची भिंत गेली, आमच्या घराचा मागचा भाग बसला, असं ते सांगत होते. बाळंतिणीची खोली मागच्याच भागात होती.

"तुमाला कळलं न्हाई?" त्यांनी विचारलं.

गिरणीत कुणालाही कळलं नव्हतं.