सोळा वर्षांचा दाखला

खाकी उतरवून बरीच वर्षं झाली. नोकरीतले खून, दरोडे आता एकमेकांत मिसळून जातात. पण निवृत्तीनंतर दुबईजवळच्या रास अल खैमात केलेली एक चौकशी अजून तपशीलवार आठवते. त्या चौकशीत मी यशस्वी झालो होतो.

मुलगा दुबईत स्थायिक झाला. त्याच्या आग्रहाने आम्ही दोघं इकडे आलो आणि मी फरश्या बनवणाऱ्या एका कारखान्यात सिक्युरिटी प्रमुख म्हणून लागलो. कामाची पद्धत पोलीस ठाण्यासारखीच होती. सकाळी हजेरी, ड्युटी वाटप, गेटवरचं रजिस्टर तपासणं, मग तक्रारी.

त्या वर्षी व्यवस्थापनाने एक सर्क्युलर काढलं. या कारखान्यात दहा वर्षं काम केलेल्या कंत्राटी कामगाराला तीन महिन्यांची सलग रजा मिळेल आणि नोकरी शाबूत राहील. मध्ये कॉन्ट्रॅक्टर बदलला असेल तरी जुनी सेवा धरली जाईल, फक्त प्रत्येक जुन्या कॉन्ट्रॅक्टरचा दाखला आणावा लागेल. एरवी कॉन्ट्रॅक्टर बदलला की कामगाराची सेवा पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जायची. त्यामुळे लेबर कॅम्पमध्ये लोकांनी मिठाई वाटली.

पंधरा दिवसांत माझ्या टेबलावर एक निनावी चिठ्ठी आली. हिंदीत एकच ओळ होती, ‘भट्टी सेक्शन में नकली दाखला चल रहा है.’ टीप देणारा बहुतेक वेळा आरोपीच्या जवळचाच असतो. इथेही तो आरोपीच्याच खोलीत राहणारा निघाला. त्याला स्वतःचे दाखले मिळाले नव्हते, एवढंच कारण.

भट्टीवरून रजेचा एकच अर्ज आला होता. अर्जदार संगमेश्वरकडचा, पन्नाशीचा, मितभाषी माणूस. अर्जाला दोन वेगवेगळ्या कॉन्ट्रॅक्टरांचे दाखले जोडले होते. मी ते शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींत ‘सर्टिफिकेट’ या शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं आणि दोन्हींत चूक एकच होती. मी त्याला बोलावलं.

चौकशीत मी आवाज चढवत नसे. समोर पाणी ठेवायचं आणि गप्प बसायचं. समोरच्याला ती शांतता सोसत नाही. पण हा पाणी प्यायला आणि माझ्याआधी तोच बोलला.

“साहेब, कागद मीच टाईप करून घेतले.”

“शिक्के?”

“ते पन. पहिली कंपनी बंद झाली. दुसरीच्या ऑफिसात चार वेळा गेलो, वॉचमन आत सोडीत नाय.”

“म्हणजे दाखला खोटा.”

“दाखला खोटा साहेब. काम खोटं नाय. सोळा वर्षं ह्याच भट्टीवर हाय मी. बायकोच्या मणक्याचं ऑपरेशन हाय. तीन महिने तिला उठायचं नाय, घरात दुसरं कोण नाय. महिन्याच्या रजेत काय होनार?” मग तो जरा पुढे वाकला. “तुमच्या गेटचं जुनं रजिस्टर बघा. रोजची सही हाय माझी.”

“ते नंतर बघू,” मी म्हणालो. जबाब लिहिला, त्याची सही घेतली आणि त्याच दुपारी रिपोर्ट एचआरला दिला. दोन तासांत केस उलगडली याचं समाधान होतं, हे कबूल करतो. बायकोला फोन करून सांगितलंही.

जुनी रजिस्टरं स्टोअरमध्ये खोक्यांत होती. मी ती चार दिवसांनी उघडली. धुळीने माखलेल्या त्या वह्यांत, तीन कॉन्ट्रॅक्टरांच्या रकान्यांखाली, तीच जाड, डावीकडे कललेली सही होती. सोळा वर्षं. मध्ये फक्त गावी गेल्याचे महिने रिकामे.

मी वह्या उचलून एचआरच्या मॅनेजरकडे नेल्या. पुण्याचा, माझ्या मुलाच्या वयाचा माणूस. त्याने दोन पानं उलटली.

“सर, पण सर्क्युलरमध्ये दाखला लिहिलंय, गेट रजिस्टर नाही.”

“दाखल्यापेक्षा हे पक्कं आहे. कोर्टात हे टिकेल.”

“सर, तुमच्याच रिपोर्टवर कॉन्ट्रॅक्टरने त्याचा व्हिसा कॅन्सल केला. काल गावी परतला तो. खलास.” मग आवाज उतरवून म्हणाला, “तुम्ही हे आधी आणायला हवं होतं.”

मी पुरवणी रिपोर्ट लिहून दिला. त्यावर ‘फाईल’ असा शेरा पडला.

दोन महिन्यांनी त्याच्या गावच्या एका कामगाराकडून नंबर घेऊन मी फोन केला. मला वाटलं, तो शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“ऑपरेशन झालं साहेब. उठवून बसवतो मी तिला. जेवन पन मीच करतो.”

“आणि काम?”

“आता रजाच हाय की साहेब. किती पन घ्या.”

पोलिसाला कागदातली चूक चटकन दिसते, तीच त्याची तालीम असते. पण ज्याला खरा कागद द्यायला कुणी नव्हतंच, त्याचं काम तरी खरं आहे का, हे बघणंही तपासाचाच भाग आहे. तो प्रश्न मला सुचला नव्हता असं म्हणता येत नाही. उत्तर कुठे आहे, तेसुद्धा त्याने सांगितलं होतं. मला चार दिवस घाई नव्हती. नोकरीच्या साऱ्या वर्षांत असे किती जबाब मी सही घेऊन बंद केले असतील, हे मोजायचं धैर्य मला अजून झालेलं नाही.