स्टेशनपासून पाच मिनिटं

आमच्या ऑफिसात किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. विसरलेल्या छत्र्या कोपऱ्यात साठत जातात, तसे ते साठले. कुठली छत्री कुणाची ते आठवत नाही, आणि टाकून द्यावी तर मन होत नाही.

ऑफिस म्हणजे खोताच्या वाडीतल्या एका लाकडी घराची पडवी. घर फ्लोरीबाईंचं. त्यांच्या यजमानांनी बोरिवलीला एक बैठं कौलारू घर बांधलं होतं. ते गेल्यावर बाई ते घर हवापालटासाठी आठवड्याच्या बोलीने भाड्याने देऊ लागल्या. बुकिंग बघायला माणसं दोन, नाना आणि मी. नाना साठीला आलेले. डोक्यावर काळी टोपी, आवाज खणखणीत. मी सातवीत शाळा सोडलेला. अनोळखी माणसाशी बोलणं मला जमायचं नाही. त्यामुळे कुणी ‘‘जायचं कसं?’’ विचारलं, की मी मुकाट्याने चिठ्ठीवर नकाशा काढून द्यायचो.

नाना मात्र बोलायचे. वाक्य एकच, ‘‘स्टेशनपासून पाच मिनिटं!’’

मी ते अंतर चाललो होतो. चांगली पंचवीस मिनिटं लागतात, तीही झपाझप चाललं तर. नानांना सांगितलं, तर म्हणाले, ‘‘तू रमतगमत जातोस, वसंता. साहेबांनी मला पाच सांगितलीत. साहेब खोटं बोलणारे नव्हते.’’

साहेब म्हणजे फ्लोरीबाईंचे यजमान. साहेबांकडे मोटार होती!

नानांनी स्वतः ते घर कधी पाहिलंच नव्हतं. दरवर्षी दिवाळीनंतरचा आठवडा ते वहीत पेन्सिलीने आपल्या बायकोसाठी, म्हणजे आमच्या काकूंसाठी लिहून ठेवायचे. काकूंची छाती नाजूक. ‘‘महिनाभर नाही तर आठवडाभर तरी मोकळ्या हवेत न्या,’’ असं डॉक्टर कधीपासून सांगत होते. पण दरवर्षी ऐन वेळी कुणीतरी जास्त नडलेलं यायचं, आणि नाना खोडरबर उचलायचे.

*

एकदा दादरचे एक मास्तर घड्याळ हातात धरूनच ऑफिसात आले.

‘‘सव्वीस मिनिटं लागली! पाच म्हणालात तुम्ही.’’

नाना जराही हलले नाहीत. ‘‘बरोबर मुलं होती?’’

‘‘तीन.’’

‘‘सामान?’’

‘‘दोन ट्रंका आणि वळकटी.’’

‘‘मग ती एकवीस मिनिटं मुलांची आणि सामानाची. तुमची स्वतःची पाचच!’’

मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, आणि पुढच्या मे महिन्याचं बुकिंग करून गेले.

*

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. मोकळी भिंत दिसली की तिच्यावर घोषणा. मी चिठ्ठीत खूण लिहिली होती, ‘‘मुंबई आमची असं लिहिलेल्या भिंतीपाशी डावीकडे वळा.’’

एके दिवशी त्या भिंतीला कुणीतरी चुना फासला. प्रभादेवीचं एक कुटुंब घोषणा शोधत सरळ चालत राहिलं, ते डोंगराच्या पायथ्याशी पोचलं. मला इतकं वाईट वाटलं, की त्याच रविवारी मी बोरिवलीला गेलो आणि तिथल्या कार्यकर्त्या पोरांना धीर करून माझी अडचण सांगितली.

पोरं दिलदार. त्यांनी ती भिंत पुन्हा रंगवलीच, शिवाय पुढच्या सगळ्या भिंती रंगवल्या!

त्यानंतरचे भाडेकरू म्हणजे एक पेन्शनर पोस्टमास्तर, लिहिल्या शब्दाला पक्के. प्रत्येक घोषणेपाशी ते डावीकडे वळत गेले आणि बायकोसकट पुन्हा स्टेशनवर आले. दोन दिवसांनी त्यांचं कार्ड आलं, ‘‘सर्व घोषणा वाचल्या. मागणी मान्य आहे. घर कुठे आहे?’’

*

लालबागचा नुकतंच लग्न झालेला एक तरुण चाळीतल्या एका खोलीत आठ माणसांत संसार करत होता. त्याने दोन दिवसांसाठी घर मागितलं. बाईंचा नियम आठवड्याचा, पण त्याचा चेहरा बघून नानांनी नियम बाजूला ठेवला.

जाताना तो माझ्याजवळ वाकून म्हणाला, ‘‘वसंतराव, अजून एक चिठ्ठी द्याल? चुकीची?’’

‘‘चुकीची?’’

‘‘आईसाठी हो. ती म्हणते, दुसऱ्या दिवशी डबा घेऊन येते.’’

आयुष्यात तेवढा एकच खोटा नकाशा मी काढला.

मंगळवारी एक म्हातारी बाई ऑफिसात आल्या. काखेत रिकामा डबा. त्यांनी माझी चिठ्ठी टेबलावर ठेवली. तिच्यावर लाल पेन्सिलीने खुणा.

‘‘तुमचो नकाशो चुकलो हा, झिला. तिथल्या शेजारच्या पोराकडून नीट करून आणलंय. दुसऱ्या कोणाचे हाल नकोत.’’

*

परळहून जाधव नावाचे गिरणी कामगार आले. बौद्ध दीक्षा घेऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. लहान मुलीला खोकला, डॉक्टरांनी हवापालट सांगितलेला. खुर्ची पुढे केली तरी बसेनात.

‘‘पाण्याचं कसं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘मागे विहीर आहे,’’ नाना म्हणाले.

‘‘विहीर आहे, पण आम्हांला... तिथलं कुणी काही बोलणार नाही ना? आम्ही कोण ते कळल्यावर?’’

नानांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. ‘‘जाधव, विहीर स्वयंपाकघरापासून दहा पावलांवर. रहाट कुरकुर करतो. आणखी कुणी कुरकुर केली, तर मला कार्ड टाका. मी पुढच्या गाडीने येतो. स्टेशनपासून पाच मिनिटं!’’

जाधव खुर्चीत बसले. मग नानांनी वही उघडली. दिवाळीनंतरच्या आठवड्यावर पेन्सिलीने काकूंचं नाव होतं. नाना बराच वेळ खोडरबर शोधत राहिले. ते त्यांच्या हातातच होतं.

*

त्या हिवाळ्यात काकू अंथरुणाला खिळल्या. जरा उठून बसू लागल्या, तेव्हा फ्लोरीबाई पडवीत आल्या, वही ओढली आणि शाईने नाव लिहिलं. ‘‘ए नाना, आता खोडून दाखव!’’

मी सामान घेऊन बरोबर गेलो. बोरिवलीला उतरल्यावर टांगा बोलवायला निघालो, तर काकूंनी हात धरला. ‘‘नको रे. टांग्यात हाडं खिळखिळी होतात. पाचच मिनिटं तर जायचंय!’’

मी नानांकडे पाहिलं. नाना खात्रीने पुढे निघाले.

घोषणेच्या भिंतीपाशी काकू पहिल्यांदा बसल्या. मग चिंचेखाली. मग नाल्यावरच्या मोरीच्या कठड्यावर. प्रत्येक वेळी श्वास खाली बसला की विचारत, ‘‘आलं ना आता?’’ पहिल्यांदा नाना म्हणाले, ‘‘आलंच.’’ दुसऱ्यांदा नुसती मान हलवली. तिसऱ्यांदा टोपीने त्यांना वारा घालत राहिले. टांगा बघू का, असं मी पुन्हा विचारलं, तर काकूंनी डोळ्यांनीच नको म्हटलं.

फाटकाशी पोचलो तेव्हा तास उलटून गेला होता. काकू पायरीवर टेकल्या. नाना समोर उभे, शिक्षा झालेल्या मुलासारखे.

‘‘अगं, मला साहेबांनी तसं सांगितलं होतं... इतकी माणसं पाठवली मी...’’

काकूंनी दम खाल्ला. समोरचा डोंगर पाहिला, विहीर पाहिली. नानांच्या हातातली टोपी घेऊन तिच्यावरची धूळ झटकली.

‘‘काय चुकीचं सांगितलंत? पाचच मिनिटं झाली. मी मोजत होते.’’

आठवड्याने नाना कामावर आले. पहिलंच गिऱ्हाईक गिरगावातले एक वकील. त्यांनी विचारलं, ‘‘स्टेशनपासून लांब आहे का हो?’’

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकाशावर मान घातली.

‘‘पाच मिनिटं,’’ नाना म्हणाले. ‘‘मी स्वतः चालून आलोय!’’