पातीतल्या बायांची गाणी

भागिरथाबाई देवमन गुरुजींच्या नजरेत पहिल्यांदा भरली ती जऊळक्याच्या शाळेत, लेकीचं नाव घालायला आली तेव्हा. शाळा सुरू होऊन महिना झाला होता. घोट्यापर्यंत चिखल, कमरेला विळा खोचलेला, आणि पदराला धरून सहा वर्षांची पौर्णिमा.

"जन्मतारीख?" गुरुजींनी विचारलं.

"तारीख नाई मालूम. तुरीले फुलं होते. आमी कापूस वेचून राह्यलो होतो. पातीत माह्या डाव्या अंगाले कमली, उजव्या अंगाले शीला. शीलाचा गाल सुजला होता, दाढ दुखे तिची. नीता त्या दिशी आलीच नोती. दुपारी पोटात कळ आली अन् कमलीनं मले घरी आणलं."

"बाई, मी दिवस विचारला. हजेरी नाही विचारली."

"तेच सांगून राह्यली ना, गुरुजी."

गुरुजी हसले आणि त्यांनी बारा नोव्हेंबर लिहिलं. एका रांगेनं शेतात कामाला लागलेल्या बायकांची ती पात. भागिरथाबाईचं सगळं आयुष्य त्या रांगेत गेलं, आणि काहीही आठवायचं झालं की ती आधी आपल्या डाव्या-उजव्या अंगाला कोण होतं ते आठवायची.

पातीत ती गाणी रचायची. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण निंदता निंदता तोंडातून ओळ निघे, आणि शेताच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत गाणं पुरं होई. गुरुजींनी ती गाणी बांधावरून जाता-येता, वाऱ्यानं आणली तेवढीच ऐकली होती. बायकांच्या पातीजवळ पुरुषमाणूस उभा राहत नाही. राहिलाच, तर बाया गाणं थांबवून त्याच्यावर हसतात.

पौर्णिमा वाशीमला शिकली, मग पुण्याला, आणि शिष्यवृत्तीवर कॅनडाला गेली. विनिपेगच्या एका ग्रंथालयात नोकरीला लागली, तिथलीच नागरिक झाली. आठ वर्षांपूर्वी ती दर रविवारी फोनवर आईकडून गाणी म्हणवून घेऊ लागली. त्या गाण्यांच्या तिनं इंग्रजीत कविता केल्या. पुस्तक निघालं, तिकडं त्याला बक्षीस मिळालं, वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. दोन प्रती जऊळक्याला आल्या, एक आईला, एक गुरुजींना. भागिरथाबाईनं आपली प्रत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ठेवली. ती उघडण्याची गरज तिला वाटली नाही. गाणी तिच्या डोक्यात होतीच.

मागच्या वर्षी पोळ्याच्या आधी तिला लकवा मारला. अकोल्याला महिनाभर ठेवून मुलगा संघपालनं आईला घरी आणलं. उजवा हात आणि पाय गेले होते. बोलणं जड झालं, पण समजत होतं. एके सकाळी सून सपना धावत गुरुजींकडे आली.

"गुरुजी, चला लवकर. आत्याबाई भितीवर डोकं आपटून राह्यल्या."

भागिरथाबाई खाटेवर बसली होती. कपाळ लाल झालं होतं. गुरुजींना पाहून ती म्हणाली, "गुरुजी, गेले हो माहे गाणे. एकबी नाई राह्यलं. तोंड उघडतो, तर आत काईच नाई. घर धुऊन नेल्यावानी."

"येतील हळूहळू, भागिरथाबाई."

"चार महिने झाले. कवा येतीन?" मग तिनं डाव्या हातानं तसबिरीखालचं पुस्तक दाखवलं. "त्याच्यात हायेत ना? मले काढून द्या."

गुरुजींनी सातवीपर्यंत इंग्रजी शिकवलं होतं, आणि निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती. पण त्या बाईच्या डोळ्यांपुढे नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. शब्दकोश घेऊन ते रोज दोन तास बसू लागले. पंधरा दिवसांनी पहिलं गाणं तयार झालं. खाटेजवळ खुर्ची ओढून त्यांनी वाचलं:

"खाटेखाली एक शेळी होती. पाऊस घरात येत होता. शेळी कोरडी राहिली आणि ती भिजली. ते घर कोणाचे होते?"

भागिरथाबाई थांबून राहिली. "पुढं?"

"एवढंच आहे."

"नाव?"

"कोणाचं नाव?"

"गाण्याच्या शेवटी नाव नसते काय, गुरुजी? बिननावाचं गाणं मी कायले करीन? हे माहं नोय."

गुरुजींना वाटलं, आपल्याला कळलं. बाबासाहेबांच्या जयंतीला गाणाऱ्या पार्ट्या त्यांनी जन्मभर ऐकल्या होत्या. शेवटच्या कडव्यात गाणं रचणाऱ्याचं नाव यायचंच. तेच हवं असणार हिला. हात बसला तसा पुढच्या महिन्याभरात त्यांनी सहा गाणी उतरवली आणि प्रत्येकाच्या शेवटी आपल्या हातानं "भागिरथा म्हणे" असं घातलं. पुस्तकात नव्हतं, पण आजारी माणसाचं समाधान होत असेल तर त्यात पाप काय, असा त्यांनी विचार केला.

सहाही गाणी तिनं मुकाट ऐकली. शेवटच्या गाण्यानंतर तिचा चेहरा असा झाला, की सपना हातातलं काम टाकून जवळ आली.

"माहं नाव?" ती म्हणाली. "माह्याच गाण्यात माहं नाव? मी अशी नोती, गुरुजी. जिच्यासाठी गाणं, नाव तिचं. एकीले मारलं नवऱ्यानं, तिचं येगळं. एकीचं लेकरू गेलं, तिचं येगळं. तुमी साऱ्याइचे नाव खोडून माहं लिवलं?"

"मी खोडलं नाही. पुस्तकात नावंच नाहीत."

"मंग माह्या पुनीनं खोडलं." ती भिंतीकडे वळली. तीन दिवस तिनं घास घेतला नाही. सपनानं चमचा ओठांशी नेला की ती ओठ मिटून घेई.

चौथ्या दिवशी सकाळी गुरुजींनी पौर्णिमाला फोन लावला. तिकडं संध्याकाळ होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"नावं मीच काढली, गुरुजी," ती म्हणाली. "इथल्या संपादकबाई म्हणाल्या, एवढी नावं वाचणाऱ्याला कळणार नाहीत. मी सगळीकडे 'ती' केलं. मला तेव्हा ते बरोबरच वाटलं."

"मूळ गाणी तरी असतील? फोनमध्ये?"

"तो फोन कधीच गेला. मी ऐकत ऐकत थेट इंग्रजीत लिहायची. आता मी मराठी आठवायला बसते तर माझंच इंग्रजी पुढं येतं. कोणतं गाणं कुणाचं, काही सांगता येत नाही. आईला लकवा झाल्यापासून मीही एक ओळ लिहिलेली नाही. तिला सांगू नका."

"नुसती नावं तर सांग. जेवढ्या बाया आठवतात तेवढ्या."

तिला चौदा आठवल्या. गुरुजी कागद घेऊन निघाले आणि गावातच त्यांचा धीर सुटला. चौदांपैकी पाचजणी वारल्या होत्या. तणनाशक आल्यापासून निंदणाला बाया लागत नाहीत. पात मोडली तसं कुणी पुण्याला बांधकामावर गेलं, कुणी वीटभट्टीवर. नीताचा तर पत्ताच लागेना. शीला गावात होती, ती येऊन समोरच्या खुर्चीत बसली. भागिरथाबाई तिच्या तोंडाकडे पाहत राहिली, ओठ हलले, आणि काहीच निघालं नाही. दोघी एकमेकींचा हात धरून रडल्या. गुरुजी बाहेर ओट्यावर येऊन बसले. आपण उगाच हिची जखम उकरतो आहोत, असं त्यांना वाटलं.

कमलीबाईला मानोऱ्याकडच्या तांड्यावरून संघपालनं जीपमध्ये घालून आणलं. सत्तरी उलटलेली, पाठीत वाकलेली. दारातूनच तिचं तोंड सुरू झालं.

"काय व भागिरथे, मेली नाईस अजून? मले वाटलं, तेरवीचं जेवाले बलावलं."

"ये, बस," भागिरथाबाई म्हणाली. दहा दिवसांत एवढं स्पष्ट ती पहिल्यांदाच बोलली.

कमलीबाई समोरच्या खुर्चीत बसलीच नाही. खाटेला वळसा घालून ती डाव्या अंगाला गेली आणि जमिनीवर उकिडवी बसली. "माहं गाणं इसरली म्हंतेत तू. लाज नाई वाटत? माहं घर गळे, तवा तू हसली होती मले. साऱ्या पातीले हसवलं होतं माह्यावर."

भागिरथाबाईनं मान वळवून खाली पाहिलं. मग जड जिभेनं, एकेक शब्द ओढत ती म्हणाली:

"बाजेखाली शेळी बांधली, पानी गळे धारोधार,
शेळी कोरडी, तू ओली, कमले, कोनाचं हे घर?"

"शेळीचं व माय, शेळीचं!" कमलीबाई मांडीवर थाप मारून ओरडली. पातीत बाया असंच ओरडत असणार. सपनानं डोळ्यांना पदर लावला. गुरुजींनी खिशातून पेन काढलं, पण ते सपनाच्या हातात दिलं, आणि ओळ तिनंच लिहिली.

त्यानंतर शीलाला पुन्हा बोलावलं आणि तिला उजव्या अंगाला बसवलं. चार खेपांनंतर तिचं गाणं निघालं, तेही अर्धंच. बाकीच्यांपैकी एकीचं पुरं मिळालं. वारलेल्या पाचजणींच्या जागी कुणाला बसवावं, हे कुणालाच सुचलेलं नाही. पौर्णिमा दर रविवारी फोन करते. फोन सपना उचलते. भागिरथाबाई लेकीशी अजून बोलत नाही.

पुस्तकात एक्केचाळीस कविता आहेत. भागिरथाबाईला आजपर्यंत अडीच गाणी आठवली आहेत.