नुसता एमबीबीएस

डॉक्टरांच्या घोळक्यात एकटाच बिनडॉक्टर असला की किस्से आपोआप साठतात. मी तिसऱ्या वर्षाला मेडिकल सोडलं. तेव्हापासून बॅचमधली पोरं एकमेकांपासून लपवतात ते सगळं मला बिनधास्त सांगतात. मी आता कुणाच्याच रँकच्या आड येत नाही ना! त्यातले बहुतेक किस्से वैभवचे. त्याला साधा जीपी व्हायचं होतं. ताप-खोकल्याचा, गल्लीतला फॅमिली डॉक्टर. आणि वडिलांनी एकदा तरी आपल्या दवाखान्यात यावं, एवढीच त्याची इच्छा.

*

एका सरांनी भर लेक्चरला विचारलं, "जनरल प्रॅक्टिस कोण करणार?"

अख्ख्या वर्गात एकच हात वर. वैभवचा.

सर म्हणाले, "जा बाळा, जाऊन ये. टॉयलेटला विचारून जायचं नसतं!"

वर्ग खो-खो हसला. सर रुमालाने नाक पुसत होते. महिनाभर सर्दी हटत नव्हती त्यांची.

*

रोहन आमचा टॉपर. त्याला रेडिऑलॉजी हवी. का? "पेशंटचा फोटो चालेल रे, पेशंट नको!"

सुट्टीत घरी गेला तर मावशीच्या पोराला ताप. "डॉक्टर घरातच आहे की!" म्हणत मावशीने पोर त्याच्या मांडीवर ठेवलं. रोहनला जगातले सगळे दुर्मिळ सिंड्रोम पाठ, पण तापाचं सिरप किती द्यायचं ते आठवेना! बाथरूममध्ये शिरला, नळ सोडला आणि वैभवला फोन लावला. "लवकर सांग, मावशी दाराशीच उभी आहे!"

वैभवने पोराचं वजन विचारलं, डोस सांगितला.

रोहन गंभीर चेहऱ्याने बाहेर आला. "घाबरू नका. सुपरस्पेशालिस्टशी बोललोय."

*

इंटर्नशिपला वैभव इगतपुरीकडच्या एका आरोग्य केंद्रात होता. एक आजी आल्या. त्याने जीभ पाहिली, पोट तपासलं, खाणं-पिणं, झोप, सगळं विचारलं. म्हणाला, "गोळ्या देतो, आजी. सुईची गरज नाही."

"म्हंजे? सुई नाय?"

आजी उठल्या, पदर सावरला आणि बाहेरच्या रांगेला ओरडून सांगितलं, "चला गं, डॉक्टर आजून आला नाय. ह्यो नुसता इचारपूस करणारा हे!"

*

मग लग्नाचं स्थळ. मीही सोबत होतो, पोहे खायला.

मुलीच्या मामांनी विचारलं, "एमबीबीएस झालं. पुढे?"

"दवाखाना टाकतोय, विंचूरला."

"ते ठीक आहे हो. पण डॉक्टर कधी होणार?"

आणि हे मामा कोण? स्वतः जीपी! सर्दी-खोकल्यावर बंगला उठवला आणि वैभव तेच करतो म्हटल्यावर नाक मुरडलं. असल्या माणसांनी मला वाया गेलेला म्हणायचं! मी मेडिकल सोडलं ते निदान तोंडावर सांगून सोडलं.

*

वैभवचे बाबा नाशिक रोडला राहतात, नोटा छापायच्या प्रेसमधून रिटायर झालेले. दवाखान्याचं ऐकल्यावर म्हणाले, "एमडीची पाटी लागेल तेव्हा येईन." उद्घाटनाला आई एकटीच आली. बाबा कॉलनीत सांगत सुटले, "तात्पुरतं आहे. अभ्यासाला शांत जागा हवी होती त्याला."

कांद्याच्या लिलावाच्या गावात शांत जागा!

*

गेल्या महिन्यात मी विंचूरला सहज गप्पा मारायला गेलो होतो. कंपाउंडर सुट्टीवर, म्हणून वैभवने मलाच नंबर पुकारायला बसवलं. बाकावर कांद्याच्या धुळीने खोकणारे शेतकरी, हमाल. आणि त्यांच्या मधोमध, मफलर गुंडाळलेले वैभवचे बाबा! एसटीने आलेले.

"काका, आत चला ना."

"नंबराने येईन." मग मला वरपासून खालपर्यंत बघत, "तू कॉलेज सोडलंस ते हे करायला?"

नंबर आला. वैभवने मान वर केली आणि उठून खुर्ची पुढे सरकवली. मग "बसा" म्हणाला. घसा पाहिला. स्टेथोस्कोप लावून छाती तपासली, जरा जास्तच वेळ.

"साधा घसा धरलाय, बाबा. गुळण्या करा, या गोळ्या घ्या."

बाबा उठेनात.

"काय झालं?"

"सुई?"

"गरज नाही."

बाबा दारापर्यंत गेले. चपला घालता घालता थांबले आणि सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"बुधवारी तुझ्या आईला घेऊन येतो. तिला तरी सुई दे!"